पाकिटावर रबराची तारीख छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही महिने आपल्या दैनिकात इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर वाचकांची पत्रं येताहेत. कुणाचं ॲव्हरेज पडलंय, कुणाच्या कार्ब्युरेटरमध्ये पाणी सापडलंय, कुणी सरकारला धारेवर धरतंय तर कुणी साखर कारखान्यांना. त्या भांडणात मी पडत नाही. माझं सासर कराडजवळच्या खेड्यातलं, घरचा ऊस आहे, आणि उसाच्या मळीपासूनही इथेनॉल होतं. त्याच्या विरोधात मी चार ओळी छापून आणल्या तर रात्री ताट वाढून घेताना मला तोंड लपवावं लागेल. मला एवढ्याशा रबराबद्दल लिहायचंय, ज्याच्याबद्दल या सगळ्या पत्रांत कुणी अक्षर काढलेलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलबद्दल खुलासा केला. काही जुन्या गाड्यांमध्ये साधारण २०,००० ते ३०,००० किलोमीटर चालल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, हा बदल स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतो, असं त्यात होतं. स्वस्त आहे हे अगदी खरं. ऑइल सीलला, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला, पैसे ते किती पडणार! पण 'सहज' म्हणायला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: जे रबर आपण नवीन म्हणून बसवतोय ते कशाचं आहे, आणि ते कधी तयार झालंय. आज दुकानात जाऊन या दोन्हींपैकी एकाचं तरी उत्तर मिळवून दाखवावं.

मी कोण हेही सांगायला हवं, नाहीतर 'या बाईंना काय कळतंय' असं वाटेल. भोसरीच्या एका रबर कारखान्यात तपासणी विभागात मी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. ऑइल सील, ओ-रिंग, डायफ्रॅम, बुश असा आमचा माल. मिक्सिंग मिलवरून शीट आली की तिचे नमुने प्रेसमध्ये शिजवायचे, शोअर मीटर टेकवून कडकपणा बघायचा, ओढून तोडायचे, ओव्हनमध्ये १०० अंशांवर ७० तास ठेवायचे, गरम तेलातही तितकेच तास बुडवायचे, बाहेर काढून परत सगळं मोजायचं. ओव्हनमधून निघालेला नायट्राइलचा (तेल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा) तुकडा कडक झालेला असायचाच, फक्त किती झाला हे बघायचं. शोअर मीटरवर पंधरा पॉइंटांपेक्षा जास्त कडक झाला की आख्खा लॉट परत. सुपरवायझर कितीही ओरडला तरी सही माझी लागायची, त्यामुळे माझ्याबद्दल तिथे फार बरं बोललं जात नसे.

आता गाडी. माझे धाकटे दीर मामंजींची जावा मोटरसायकल अजून चालवतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, साठीच्या दशकातली, मरून रंगाची, किकचाच दांडा पुढे ढकलला की गिअरचा होतो ती. तरुण वाचकांसाठी सांगते, ही कंपनी १९६० मध्ये उभी राहिली, मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा, १९७३ पासून गाड्या येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत, पण त्या फोर स्ट्रोक. त्यांचे स्पेअर या म्हाताऱ्या टू स्ट्रोकला उपयोगाचे नाहीत. म्हणजे जुन्या गाडीचा मूळ बाप आता नाही. 'कोणते रबरी भाग बदलायचे आणि कोणत्या रबराचे बसवायचे' हे सांगणारं पत्रक काढणार कोण, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

मागच्या पावसाळ्यानंतर दिरांनी गाडी बाहेर काढली आणि ती पांढराशुभ्र धूर सोडायला लागली. सुरुवातीला सगळेच म्हणाले की ऑइल जास्त पडलं असेल. टू स्ट्रोक गाडी आहे, पेट्रोलमध्येच ऑइल घालतात, तेव्हा संशय तिथेच जाणार. पण धूर काही हटेना, आणि गिअर ऑइल बघितलं तर पातळी खाली. मिस्त्री म्हणाले, बोअर-पिस्टन करून टाकू. मी म्हटलं, भावोजी, पिस्टनला हात लावायच्या आधी क्रँकचं सील बघा.

इथे जरा थांबते, कारण हे कळलं की पुढचं सगळं कळेल. टू स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची क्रँककेस पंपाचं काम करते. पिस्टन वर जाताना ती कार्ब्युरेटरमधून हवा आणि पेट्रोल ओढून घेते, खाली येताना तेच दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकचा दांडा मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर निघतो. डाव्या अंगाला क्लच आणि चेन, तिथे गिअर ऑइल भरलेलं. उजव्या अंगाला डायनॅमो, तिथे कोरडी हवा. दोन्हीकडे रबराचं एकेक सील, ओठासारखी पातळ कड दांड्याला चिकटून बसलेली. ही कड कडक झाली की ती दांड्याबरोबर हलेनाशी होते आणि फट पडते. डावीकडे फट पडली तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं आणि पांढरा धूर निघतो. हे दिसतं तरी. उजवीकडे पडली तर काहीच दिसत नाही. बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, थ्रॉटल सोडला तरी गाडी आपोआप रेस होते, इंजिन तापतं, आणि एखाद्या दिवशी खंबाटकीच्या चढाला पिस्टन जाम होतो. त्यानंतर ब्लॉक बोअर करायचा, नवा पिस्टन घालायचा, आणि सील तेच जुनं ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच कार्यक्रम. कितीतरी येझदी आणि राजदूत असल्या दुरुस्तीने भंगारात गेल्या असतील.

सील काढलं. डावीकडच्याची कड नखाने दाबली तर दबेना, काचेसारखी चकाकत होती. उजवीकडचंही त्याच वाटेवर होतं. दोन्ही बदलायचं ठरलं.

आणि मग दुकान. कुठल्या शहरातलं, कुणाचं, ते लिहीत नाही, कारण ही एका दुकानाची गोष्ट नाही. दिरांनी जावाचा 'ऑइल सील सेट' मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टेपल मारलेला सेट मिळाला. पिशवीवर गाडीचं नाव, आणि 'हाय क्वालिटी' हे दोन शब्द. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कोणतं रबर ते नाही. घरी आल्यावर मी माझा जुना शोअर मीटर काढला. (निवृत्तीच्या वेळी लोक भिंतीवरचं घड्याळ देतात, मी तो मागून घेतला.) सीलच्या कडेवर मीटर नीट टेकत नाही, जागा पुरत नाही, तेव्हा बाहेरच्या जाड रबरावर टेकवला. ऐंशीच्या वर काटा. बसवायच्या आधीच! आमच्याकडे असला माल सत्तर-पंचाहत्तरला जायचा. परत करायला गेले तेव्हा मालक हसून म्हणाले, "मॅडम, रबराला कसली आलीय तारीख? औषध आहे का ते?"

रबराला तारीख असते. कच्च्या रबराच्या लांब लांब साखळ्या असतात, त्या गंधकाने जागोजागी एकमेकींना बांधल्या की ते ताणून परत मूळ आकाराला येतं. हे बांधकाम प्रेसमध्ये संपत नाही. हवेतला ऑक्सिजन, उष्णता, ऊन आपलं काम चालूच ठेवतात. नायट्राइलमध्ये नव्या गाठी पडत जातात, म्हणून ते कडक होतं. नैसर्गिक रबरात उलट साखळ्याच तुटतात, म्हणून ते आधी चिकट होतं, मग त्याला भेगा जातात. एकाच मोटरसायकलीच्या मुठी हाताला चिकटतात आणि सील मात्र दगड होतं, त्याचं कारण हे. शिवाय रबर मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते पेट्रोलमध्ये हळूहळू निघून जातं. रबर पेट्रोलमध्ये असेपर्यंत फुगलेलं असतं, त्यामुळे कळत नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहून पेट्रोल सुकलं की रबर मूळ मापापेक्षा लहान होतं, आणि कडकही. म्हणून रोज चालणारी गाडी गळत नाही आणि दिवाळीला पोत्याखालून काढलेली गाडी गळते. 'उभ्या गाडीचं काय बिघडणार' म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

इथेनॉलने यात भर पडते ती अशी. नायट्राइल नुसत्या पेट्रोलमध्ये थोडं फुगतं, नुसत्या इथेनॉलमध्येही थोडं फुगतं, पण दोन्हींच्या मिश्रणात जास्त फुगतं. जितकं जास्त फुगतं तितकं आतलं प्लास्टिसायझर जास्त धुऊन जातं. चांगलं बनवलेलं नायट्राइल हे बऱ्यापैकी सोसतं, फ्लुओरो रबर, म्हणजे ज्याला बाजारात सरसकट व्हिटॉन म्हणतात, ते सहज सोसतं. हलक्या मालाचं काय होतं ते सांगायला नको. पेट्रोल, ऑइल आणि ओलावा टाकीत वेगवेगळे झाले तर टू स्ट्रोकला काय होतं तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, तो आज सोडते.

रबर किती दिवस ठेवता येतं याचा अंदाज जगाने कधीच बांधून ठेवलाय. आयएसओ २२३० या मानकात रबराचे तीन गट केले आहेत. नैसर्गिक रबर पहिल्यात: साठवणीची मुदत ५ वर्षं, तपासून घेतलं तर आणखी २. नायट्राइल दुसऱ्यात: ७ आणि ३. फ्लुओरो रबर, सिलिकॉन, ईपीडीएम (हेही कृत्रिम रबरच) तिसऱ्यात: १० आणि ५. तेही अंधारात, थंड जागी, ताण न देता ठेवलं तर. आपल्या दुकानात सील खिळ्याला लटकवलेले असतात, समोर रस्ता, वर पत्रा, मे महिना.

टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, २००० पासून अशी पद्धत आहे. आता बरेच लोक टायर घेताना ती बघतात, दुकानदारालाही बोट ठेवून दाखवतात. टायर दिसतो म्हणून. सील दिसत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा राग ओढवून घेते. या मंडळींत 'कंपनीचा ओरिजिनल माल' म्हणजे परब्रह्म. कुठल्यातरी बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर म्हैसूरच्या पाकिटातले सील सापडतात, मेणकागदात गुंडाळलेले, धूळसुद्धा न लागलेले, आणि लोक दसपट पैसे मोजून घेतात. गिअर असेल, धातूचा बुश असेल, हेडलाइटची रिंग असेल, तर जरूर घ्या, तसं पोलाद आणि तसं क्रोम आता मिळायचं नाही. पण कारखाना १९९६ ला बंद झाला. म्हणजे त्या पाकिटातलं सगळ्यात तरुण सीलसुद्धा आज तिशीच्या घरातलं आहे. ते पाकीट काचेच्या कपाटात ठेवा आणि इंजिनात बेअरिंगच्या दुकानातलं या वर्षीचं साधं सील बसवा. जुन्या सीलच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. ते घेऊन कुठल्याही मोठ्या बेअरिंग-सीलच्या दुकानात गेलात तर गाडीचं नाव सांगायचीही गरज नाही. आम्हीही शेवटी तेच केलं. आकडे पुसले गेले असतील तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. फक्त दुकानदाराने तपकिरी सील दाखवून 'हे व्हिटॉन' म्हटलं तर लगेच मान डोलावू नका. बहुतेकदा असतंही, पण रंग हा रंगच असतो, नायट्राइलमध्येही तपकिरी रंग घालता येतो. नामांकित बनावटीच्या सीलवर किंवा डब्यावर रबराची अक्षरं असतात, ती वाचा.

बसवताना दोन गोष्टी. कडेला ग्रीस लावल्याशिवाय सील दांड्यावर सरकवू नये, आणि दांड्यावर चावीची खाच किंवा आटे असतील तिथे पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर नवी कोरी कड पहिल्याच मिनिटाला चिरते. आणि जुन्या सीलने दांड्यावर घासून चर पाडला असेल तर नवं सील जागा असल्यास एक मिलिमीटर आतबाहेर बसवावं, म्हणजे कड कोऱ्या पोलादावर येते. मिस्त्रींना हे पटलं नव्हतं. दिरांनी त्यांना चहा पाजला, मग पटलं.

'बदला बदला' काय म्हणता, कडक रबर मऊ करता येत नाही का, हे मला गावात सगळेच विचारतात. येतं, काही बाबतीत. पण त्यावर जे उपाय चालतात ते ऐकून अंगावर काटा येतो. मुठी आणि टाकीच्या बाजूचे गुडघ्यांचे रबरी पॅड चमकावे म्हणून डिझेल चोळतात, जळकं ऑइल चोळतात, कुणी खोबरेल. ते पॅड बहुतेक नैसर्गिक रबराचे असतात, त्यांना खनिज तेल म्हणजे विष. आज चमकतात, महिनाभराने फुगून टाकीवरून सुटायला लागतात. त्यांना कोमट साबणपाणी, आणि वाळल्यावर थोडं ग्लिसरीन किंवा सिलिकॉनचं पाणीदार पॉलिश एवढं पुरे.

एक उपाय मात्र खरा आहे, आणि तो गावातल्या वैद्यालाही ओळखीचा वाटेल. गंधपुऱ्याचं तेल. मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमाला जो वास येतो, तो याचाच. त्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं. एक भाग हे तेल आणि तीन भाग झायलिन नावाचं द्रावक मिसळायचं आणि कडक रबर त्यात बुडवून ठेवायचं. झायलिन रबराला फुगवून आत वाट करतं, तेल आत शिरतं, नंतर बाहेर काढून ठेवलं की झायलिन उडून जातं आणि तेल प्लास्टिसायझरच्या जागी बसतं. माझ्या पुतण्याची यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल आहे. तिच्या कार्ब्युरेटर आणि इंजिनामधला रबरी जॉइंट इतका कडक झाला होता की कार्ब्युरेटर काढला तर परत बसेना. त्यावर मी हे केलं. दर काही तासांनी काढून बघायचं, रबर बोटाने वाकायला लागलं की बाहेर. जास्त ठेवलं तर फुगून मापातून जातं. जॉइंट छान मऊ झाला, पुतण्या खूश, आठवडाभर घरात मात्र मलमाचा वास.

पण यातून रबर नवं होत नाही. वाळलेली भाकरी पाण्यात भिजवली तर खाण्याजोगी होते, ताजी होत नाही, तसंच हे. तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत, पडलेली भेग बुजत नाही, आणि घातलेलं तेलही काही महिन्यांत-वर्षांत परत उडून जातं. म्हणून आधी रबर दोन बोटांत वाकवून उजेडाला धरायचं. भेग दिसली तर बुडवण्यात वेळ घालवू नका. आणि भेग नसली तरी क्रँकचे सील, पेट्रोलची नळी, कॉकमधलं वायसर आणि हायड्रॉलिक ब्रेकचं कुठलंही रबर या मिश्रणात कधीही घालू नका. ते कडक झाले की त्यांची जागा कचऱ्यात. गंधपुऱ्याचं तेल घरात ठेवणाऱ्यांना आणखी एक: ते नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक नाही. चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. झायलिन पेट घेतं आणि त्याच्या वाफेने डोकं गरगरतं. हे काम अंगणात, झाकणाच्या बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी करायचं. आमच्याकडे म्हशींच्या गोठ्यामागे करतात, तिथे मुलं तशीही जात नाहीत.

पेट्रोलच्या नळीबद्दल एक घरगुती परीक्षा सांगते, ती कुणालाही करता येईल. दुकानातून आणलेल्या नळीचा किंवा वायसरचा नखाएवढा तुकडा कापा, कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखून घ्या, मग काचेच्या लहान बाटलीत पेट्रोलमध्ये टाकून बाहेर सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढून त्याच रेघेवर ठेवा. नैसर्गिक रबर किंवा ईपीडीएम असेल तर ते रेघेच्या बाहेर चांगलं पसरलेलं दिसेल. बऱ्या नायट्राइलमध्ये फरक दिसला तरी थोडा. ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, जिच्यातून पेट्रोल वाहताना दिसतं म्हणून सगळ्यांना आवडते, ती पिवळी पडून काडीसारखी होते, मग क्लिपपाशी तडकते. खाली सिलिंडर तापलेला असतो. टू स्ट्रोकच्या नादाने आयुष्य पणाला लावायची काही गरज नाही.

दिरांच्या जावाला ५० वर्षं कधीच होऊन गेली. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. चांगला नियम आहे. फक्त याचा अर्थ असा की अशी गाडी वर्षातले बहुतेक दिवस उभीच राहणार, आणि उभ्या गाडीच्या सीलचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. दिरांनी अजून अर्ज केलेला नाही. बाजारात, सोसायटीत, खताच्या दुकानात ते जावा घेऊनच जातात, आणि माझं मत विचाराल तर गाडीच्या रबराला तेच मानवतं.

तर मागणी अशी.

वेष्टनात बांधून विकायच्या वस्तूंवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापायचं बंधन वैधमापनाच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) २०११ च्या नियमांत आहेच. बिस्किटाच्या पुड्यावर आपण ते बघतो. स्पेअर पार्टच्या पिशवीला स्टेपल मारून ते टाळलं जातं. वैधमापन खात्याने एकदा या पिशव्यांकडे बघावं. रबराच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही, कारण माल आधी शिजतो आणि दोन वर्षांनी पिशवीत जातो. पिशवीवर माल भरल्याची तारीख येऊन उपयोग नाही, रबर प्रेसमधून निघाल्याची यायला हवी. आणि सोबत रबराचा प्रकार: एनबीआर (नायट्राइल), एफकेएम (फ्लुओरो रबर), जे असेल ते. तीन अक्षरं. साच्यातच कोरली तर छपाईचाही खर्च नाही. आम्ही साच्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा ठिपका कोरायचो, त्याने साचा काही महाग झाला नाही.

पेट्रोलियम मंत्रालयाने 'काही रबरी भाग' म्हणून थांबू नये. कोणते भाग, आणि कोणत्या रबराचे, हे वाहन कंपन्यांकडून मॉडेलनुसार जाहीर करून घ्यावं, आणि ज्या कंपन्या आता उरल्या नाहीत त्यांच्या गाड्यांसाठी ते काम कुणावर तरी सोपवावं. रस्त्यावर अजून राजदूत आहेत, येझदी आहेत, जुन्या एम-८० आणि लुना आहेत. त्यांचे मालक काही सगळेच शौकीन नाहीत, दूध घालणारे आहेत, भाजीवाले आहेत.

आणि जुन्या गाड्यांच्या क्लबना एक विनंती. दरवर्षी जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस करता, गाड्या पुसून रांगेत लावता, फोटो निघतात. त्याच दिवशी यादी करा की कुणाला कोणतं रबर हवंय. शे-दोनशे नगांची मागणी एकत्र झाली तर भोसरी, कोल्हापूर, कुपवाड इथल्या लहान मोल्डिंगवाल्याला साचा करून देणं परवडतं. खरा खर्च साच्याचाच असतो, रबर स्वस्त आहे. नमुना म्हणून जुना कडक झालेला तुकडा देऊ नका, तो आक्रसलेला असतो, त्याच्यावरून माप काढलं तर नवा मालही लहान निघेल. ज्या लोखंडावर तो बसतो त्याचं माप द्या. आणि ऑर्डरवर लिहून द्या: नायट्राइल, शोअर अमुक, तेलात ७० तास बुडवून तपासलेलं. असं लिहिलेलं दिसलं की मोल्डिंगवाला जरा सरळ बसतो, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

दुकानदारांना एवढंच: माल आला त्या दिवशी निदान पेनाने पिशवीवर महिना-वर्ष लिहा, आणि सील खिळ्याला लटकवू नका.

पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर म्हशींच्या गोठ्याचा मजकूर कापा, मागण्या ठेवा.

आपली,
एक निवृत्त रबर तपासनीस,
कराड